चालतंय ना? मग तपासायचं कशाला?



इथं बहुतेक जण वाड्यांच्या, शाळांच्या, आजीच्या हातच्या पदार्थांच्या आठवणी लिहितात. मी आज हिशेबाची आणि कॉम्प्युटर प्रोग्रामची गोष्ट लिहितोय. आठवण माझी आहे, चूकही माझीच आहे. शेवटी एक मत मांडलंय. आपल्या निम्म्या घरांत तरी एखादं पोर इंजिनिअरिंगला आहे किंवा जाणार आहे, म्हणून ते इथं मांडावंसं वाटलं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

बडोद्यात आमच्या एका मंडळाचा शिक्षण-मदत निधी आहे. नाव लिहीत नाही. साठ घरं, दर घरामागे महिना तीनशे रुपये. जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू होताना गरजू मुलांना फी-पुस्तकांसाठी त्यातून मदत जाते. हिशेब ठेवायला तरुणपणी मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. आधी डॉसवर टर्बो सीमध्ये लिहिला, नंतर लिनक्सच्या पीसीवर आणला. वीसेक वर्षं तो बिनतक्रार चालला. काही वर्षांपूर्वी तो पीसी बंद पडला. मी म्हटलं, नवा घेऊन खर्च कशाला करायचा? घरात रास्पबेरी पाय पडून होता. हा हातात मावेल एवढा, स्वस्त आणि कमी वीज खाणारा संगणक. त्यावर प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला. एकही एरर नाही. एप्रिल-मेच्या वर्गण्या टाकल्या, शिल्लक बरोबर आली. मी खूश.

जुलैच्या मीटिंगमध्ये खजिनदार काकांनी बँकेचं पासबुक ठेवलं: ३,१७,९०० रुपये. माझ्या प्रोग्रामनं छापलेल्या कागदावर शिल्लक होती ४,१४,९००. सत्त्याण्णव हजारांचा फरक.

कोणी उघड काही बोललं नाही. पण आपल्याकडे न बोलताही बरंच बोललं जातं. एकानं विचारलं, "काका, एखादी पावती राहिली असेल का बघा ना." दुसरे चष्मा पुसत बसले. काका तेव्हा एक्याऐंशीचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळले, एका पैशाचा घोळ नाही. ते पावत्यांची पिशवी उघडून एकेक कागद टेबलावर लावायला लागले. हात थरथरत होते.

आणि मी काय म्हणालो? आजही लिहिताना लाज वाटते. मी म्हणालो, "प्रोग्राम वीस वर्षं चालतोय, त्यात चूक असणं शक्य नाही."

दोन संध्याकाळी आम्ही पावत्या जुळवल्या. सगळ्या बरोबर. तिसऱ्या दिवशी काकांचाच फोन आला. "अरे, फरक निम्मा करून बघ. हिशेबात फरक आला की आधी त्याचा निम्मा काढायचा. तेवढ्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते." सत्त्याण्णव हजारांचे निम्मे अठ्ठेचाळीस हजार पाचशे. जूनमध्ये मुलांना दिलेल्या मदतीची बेरीज बरोबर तेवढीच होती. म्हणजे जी रक्कम वजा व्हायला हवी होती, ती प्रोग्रामनं मिळवली होती. मागची शिल्लक ३,१२,४००, तीन महिन्यांची वर्गणी ५४,०००, त्यातून ४८,५०० वजा केले की पासबुकाचा आकडा येतो. मिळवले की माझा येतो. पेन्सिल आणि जुना अनुभव घेऊन काकांनी जे काढलं, ते मला तीस वर्षं प्रोग्रामिंग करून सुचलं नव्हतं.

मग मी प्रोग्राम उघडला. प्रत्येक नोंदीला मी एक खूण दिली होती: जमा असेल तर अधिक एक, खर्च असेल तर उणे एक. ती खूण 'कॅर' नावाच्या प्रकारात ठेवली होती. डॉसच्या ६४० केबीच्या काळात एकेक बाइट वाचवायची सवय होती, आणि कॅर एका बाइटात बसतो. पुढे प्रोग्राम विचारायचा: खूण शून्यापेक्षा लहान आहे का? असेल तर वजा कर, नाहीतर मिळव.

यात चूक कुठे? सी भाषेच्या नियमात नुसता 'कॅर' लिहिला तर त्यात उणे संख्या राहतील की नाही, हे ठरवलेलंच नाही. ते कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलंय. इंटेलच्या लिनक्सवर कॅरमध्ये उणे १२८ ते १२७ संख्या राहतात. एआरएमच्या लिनक्सवर ० ते २५५. रास्पबेरी पाय एआरएमचा. तिथं माझ्या उणे एकचे झाले २५५. ते शून्यापेक्षा लहान कधीच नसणार, म्हणून प्रत्येक खर्च जमेत गेला. एप्रिल-मेमध्ये खर्चाची नोंदच नव्हती, म्हणून मला काही कळलं नाही. गंमत बघा, ॲपलच्या मॅकमध्येही आता एआरएमचीच चिप असते, पण ॲपलनं कॅर उणे संख्या घेणारा ठेवलाय. म्हणजे हा चिपचा गुणधर्मही नाही, नुसता ज्यानं त्यानं घेतलेला निर्णय.

आपल्या बाहेरगावच्या मराठी मंडळींना हे समजायला जड जाऊ नये. मराठीत 'काल' म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीतलं 'काले' आणि हिंदीतलं 'कल' मात्र मागच्या आणि पुढच्या, दोन्ही दिवसांना चालतं. आमच्याकडे लहान मुलं सर्रास म्हणायची, "मी काल येईन." घरात सगळ्यांना कळायचं, कोणी टोकायचं नाही. पुण्याची मावशी आली की हसायची. घरात चालतं म्हणून ते मराठी बरोबर होतं असं नाही. ते फक्त आमच्या घरात चालत होतं. माझा प्रोग्रामही तसाच, वीस वर्षं एकाच जातीच्या घरात चालला.

आता थोडं नियमांबद्दल. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली. १९७८ मध्ये कर्निगन आणि रिची यांचं पुस्तक आलं आणि बरीच वर्षं तेच नियमपुस्तक मानलं गेलं. पण प्रत्येक कंपनीचा कंपायलर थोडं थोडं वेगळं बोलायला लागला. म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेत ॲन्सीचं स्टँडर्ड झालं, १९९० मध्ये तेच आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं. पुढे १९९९ आणि २०११ मध्ये त्याच्या मोठ्या आवृत्त्या आल्या, नंतरही येत राहिल्या.

या स्टँडर्डमधली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, सांगू? काय ठरलंय हे ते सांगतंच, पण काय ठरलेलं नाही हेही सांगतं. काही गोष्टी कंपायलरनं ठरवायच्या आणि आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवायच्या. कॅरचं तसंच. काही गोष्टी दोन-तीनपैकी कशाही होऊ शकतात, आणि लिहून ठेवायचंही बंधन नाही. फंक्शनला पाठवलेल्या किमतींपैकी आधी कुठली काढायची, हे त्यातलं. आणि काही गोष्टींबद्दल स्टँडर्ड सरळ हात झटकतं: असं लिहिलंत तर काय होईल याची जबाबदारी आमची नाही. उणे-अधिक घेणारी पूर्णांक संख्या तिच्या मर्यादेबाहेर गेली, तर तिसऱ्या प्रकारात पडते. बरेच जण बेरीज मर्यादेबाहेर गेली का हे पाहायला "बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान झाली का?" असं विचारतात. आजचे कंपायलर म्हणतात, असं होऊच शकत नाही असं धरायची मला मुभा आहे, आणि वेग वाढवताना तो प्रश्नच काढून टाकू शकतात. आपण दाराला कुलूप लावायचं आणि कंपायलरनं ते अडगळ समजून फेकून द्यायचं! आणि नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलेलं नसतं.

स्टँडर्डच्या शेवटी पोर्टेबिलिटीवर, म्हणजे प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्यावर, एक स्वतंत्र परिशिष्ट आहे. वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारच्या गोष्टी तिथं एकत्र केल्या आहेत. माझ्या चुकीचं नावगाव त्यात आहे. मी ते परिशिष्ट कधी उघडलं नव्हतं.

दुसरं नियमपुस्तक पॉझिक्स. सी स्टँडर्डमध्ये फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं आहे. पण फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढणं किंवा दुसरी प्रोसेस सुरू करणं नाही. युनिक्सच्या वेगवेगळ्या घराण्यांत या गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेनं व्हायला लागल्या, म्हणून १९८८ मध्ये पॉझिक्सचं पहिलं स्टँडर्ड निघालं. तेव्हा प्रोग्राम तपासताना प्रश्न दोन: भाषा सी स्टँडर्डला धरून आहे का, आणि सिस्टिमकडे जे मागतोय ते पॉझिक्सला धरून आहे का?

इथं एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण तो जाणत्या लोकांतही दिसतो. "आमचा कंपायलर स्टँडर्डप्रमाणे आहे, मग प्रोग्रामही असणारच." नाही हो! कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम तपासायला मोठमोठे चाचणीसंच आहेत, त्यांना प्रमाणपत्रंही मिळतात. पण ते प्रमाणपत्र त्यांचं, तुमच्या प्रोग्रामचं नाही. वजनकाट्यावर सरकारी शिक्का आहे म्हणून दुकानदारानं टाकलेला माल चोख ठरत नाही. माझ्या रास्पबेरी पायवरचा कंपायलर अगदी नियमात होता. नियमाबाहेर मी होतो.

मग तपासायचं कसं? मी आता जे करतो ते सांगतो.

पहिलं, कंपायलरला सांगायचं की कुठलं स्टँडर्ड धरायचं. जीसीसीला काही सांगितलं नाही तर तो स्वतःच्या जादा सोयींसकट सी धरून चालतो. त्याला स्टँडर्डचं वर्ष द्यायचं आणि सोबत 'पेडँटिक' हा पर्याय लावायचा. पेडँटिक म्हणजे शब्दाशब्दाचा कीस पाडणारा. नाव समर्पक आहे. पण त्यावर विसंबून राहू नका. स्टँडर्डशी जुळतं की नाही याची ही पूर्ण तपासणी नव्हे, असं जीसीसीच्या पुस्तकातच लिहिलंय.

दुसरं, वॉर्निंग चालू करायच्या. 'वॉल' नावाचा पर्याय आहे. त्या नावात 'ऑल' आहे, पण त्यात सगळ्या वॉर्निंग येत नाहीत. 'एक्स्ट्रा' वेगळा मागावा लागतो. त्या रात्री रास्पबेरी पायवर मी एक्स्ट्रा लावून कंपाइल केलं. काही सेकंदांत ओळीच्या नंबरासकट उत्तर आलं: ही तुलना कायम खोटीच ठरणार, या प्रकारात एवढी लहान संख्या बसत नाही. काकांचे दोन दिवस, आमच्या दोन संध्याकाळी, आणि मीटिंगमधली ती शांतता. एवढ्या सगळ्याचं उत्तर एक शब्द जास्त टाइप करण्यात होतं.

तिसरं, दुसऱ्या घरात नेऊन बघायचं. जुन्या इंटेल मशीनवर सगळ्या वॉर्निंग लावूनही माझी चूक दिसली नसती, कारण तिथं ती तुलना खरी होऊ शकते. म्हणून दोन कंपायलर, जीसीसी आणि क्लँग. ३२ बिट आणि ६४ बिट. इंटेल आणि एआरएम. ६४ बिटच्या लिनक्सवर 'लाँग' आठ बाइटचा असतो, ६४ बिटच्या विंडोजवर तोच चार बाइटचा. रचना जशीच्या तशी फाइलीत ओतणाऱ्यांचे हात इथंच भाजतात. दुसरं मशीन नसेल तर जीसीसीला नुसतं सांगता येतं, "कॅरमध्ये उणे संख्या नाहीत असं धर." ते धरून एकदा आणि न धरता एकदा चाचण्या चालवायच्या. दोन्हीकडे उत्तर एकच यायला हवं.

चौथं, चालू प्रोग्रामवर पहारा. जीसीसी आणि क्लँग दोघांतही सॅनिटायझर नावाची सोय आहे. स्टँडर्डनं हात झटकलेल्या पुष्कळ गोष्टी प्रोग्राम चालत असतानाच ती पकडते. पण प्रोग्राम ज्या वाटेनं गेला तेवढ्याच वाटेवरचं तिला दिसतं. खर्चाची नोंदच घातली नाही, तर खर्चाच्या वाटेवरचा खड्डा कुणाला दिसणार?

पाचवं, पॉझिक्सची कुठली आवृत्ती धरली आहे ते प्रोग्रामच्या सुरुवातीलाच एका ओळीत जाहीर करायचं. आवृत्तीबाहेरचं काही वापरलं तर कंपायलर बहुतेक वेळा लगेच कुरकुर करतो.

आणि शेवटी, परिशिष्ट समोर ठेवून माणसानं वाचायचं. याला पर्याय नाही. कुठलंही साधन "यात चूक नाही" असं लिहून देत नाही. ते फक्त सापडलेल्या चुका सांगतं.

यातलं काही फार नवं आहे असंही नाही. बेल लॅब्समध्ये युनिक्स एका वेगळ्याच मशीनवर नेताना हीच डोकेदुखी झाली होती. तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात 'लिंट' नावाचा तपासनीस प्रोग्राम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक धागे. ज्यांनी भाषा घडवली त्यांनाही वाटत होतं की "चालतंय" एवढं पुरेसं नाही. मग आपल्याला का वाटावं?

आता मतावर येतो.

माझ्या भाचीची मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत तिची सीची प्रॅक्टिकल फाइल बघायला मिळाली. प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर 'कॉनिओ डॉट एच'. सुरुवातीला स्क्रीन पुसायचं 'सीएलआरएससीआर', शेवटी थांबायचं 'गेटसीएच'. मुख्य फंक्शन 'व्हॉइड मेन'. मी टर्बो सीवर शिकलो तेव्हा अगदी हेच लिहिलं होतं! टर्बो सी बोर्लंड कंपनीनं १९८७ मध्ये आणला, डॉससाठी. त्या काळात उत्तम होता, माझं घर त्यावर चाललं. पण १९८९ च्या स्टँडर्डच्याही आधीचं हे औजार. त्यातला कॉनिओ ना सी स्टँडर्डमध्ये आहे, ना पॉझिक्समध्ये. मेनचं सगळीकडे खात्रीनं चालेल असं रूप म्हणजे 'इंट' परत देणारं. ओळ वाचायला तिला शिकवलंय 'गेट्स'. ते इतकं धोक्याचं ठरलं की २०११ च्या आवृत्तीतून काढूनच टाकलंय.

मग तिनं परीक्षेचा पेपर दाखवला. प्रश्न होता, "इंट किती बाइटचा असतो?" पोरीनं लिहिलं, "कंपायलरवर अवलंबून." मार्क शून्य. अपेक्षित उत्तर "२". टर्बो सीमध्ये दोन होता, आजच्या बहुतेक मशीनवर चार असतो. स्टँडर्ड यातलं काहीच म्हणत नाही. २०११ च्या आवृत्तीत ते फक्त म्हणत होतं की उणे ३२७६७ ते ३२७६७ एवढ्या संख्या तरी बसल्या पाहिजेत. पुढचा प्रश्न: एकाच ओळीत आयला दोनदा वाढवलं, आधी आणि नंतर, तर बेरीज किती? त्याचं एक ठरावीक उत्तर मुलांकडून पाठ करून घेतलंय. स्टँडर्ड म्हणतं, याला अर्थच नाही. म्हणजे बरोबर लिहिणाऱ्या पोरीचा मार्क गेला, आणि ज्या प्रश्नाला उत्तरच नाही त्याचं उत्तर पाठ करणाऱ्याला मार्क मिळाला.

ती मला म्हणाली, "आजोबा, पण चालतंय ना ते. तुम्ही कशाला चिडता?"

मी तिच्यावर चिडलो नव्हतो. तिच्या तोंडून मला माझंच मीटिंगमधलं वाक्य ऐकू आलं होतं.

कॉलेजांची बाजूही मला कळते. ती खोटी नाही. जुना अभ्यासक्रम बदलायला समित्या लागतात. लॅबमध्ये जे बसवलंय ते चालतं. एका वर्गात सत्तर मुलं, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळा कंपायलर आला तर एकटा शिक्षक काय काय बघणार? सुरुवातीला मुलांना स्क्रीनवर काहीतरी उमटलेलं दिसलं की उत्साह येतो, नियमांचा डोंगर दाखवला तर पळतील. आणि "आम्हीही त्यावरच शिकलो, आमचं काय बिघडलं?" असंही लोक विचारतात. माझं काय बिघडलं, ते वर लिहिलंय.

दुसरा आक्षेप नोकरीतल्या मुलांचा. "काका, आमचा कोड एकाच कंपनीच्या एकाच बोर्डवर चालणार, आम्हाला पोर्टेबिलिटीशी काय करायचंय?" त्यांचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. प्रत्येक प्रोग्राम सगळीकडे चाललाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. यंत्राच्या अगदी अंगाला भिडून लिहिलेला कोड त्या यंत्रापुरताच असणार. पण तो मुद्दाम तसा लिहिला असेल तर वेगळ्या फाइलीत ठेवा, वर लिहा की हे इथंच चालेल. माहीत असून नियम सोडणं हा निर्णय असतो. माहीतच नसताना सोडणं हा अपघात असतो, तो कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही. माझा मंडळाचा प्रोग्रामही "एकाच पीसीसाठी" होता. पीसी मेला, प्रोग्राम उरला. प्रोग्राम मशीनपेक्षा जास्त जगतात, हे आमच्या पिढीनं पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बडोद्याच्या माणसाला तर हे परकं वाटायचं कारण नाही. सयाजीरावांच्या राज्यात प्रजा मुख्यतः गुजराती, दरबार मराठी, कायद्याचं शिक्षण इंग्रजी, जुने कागद फारसी वळणाचे. कारभारात एकच गोष्ट चार जणांनी चार शब्दांनी लिहिली तर हुकुमाचा अर्थ बदलतो. म्हणून १९३१ मध्ये बडोद्यातून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, आठ भाषांचा. रोजचं काम त्याआधीही चालत होतंच की! तरीही कोणाला तरी वाटलं की चालण्यावर भागत नाही, शब्दाचा अर्थ कुठेतरी पक्का लिहिलेला हवा, म्हणजे एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीत नेला तरी अर्थ तोच राहील. सी स्टँडर्डचं कामही याहून वेगळं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. प्रोग्राम चालून दाखवणं ही परीक्षेची पहिली पायरी असावी, शेवटची नाही. पहिल्या वर्षापासून मुलांकडून प्रत्येक प्रोग्राम वॉर्निंग लावून, स्टँडर्डचं वर्ष सांगून, दोन कंपायलरवर तपासून घ्यावा. याला खर्च येत नाही, जीसीसी आणि क्लँग दोन्ही फुकट आहेत. "इंट किती बाइटचा?" याला "कंपायलरवर अवलंबून, पण किमान एवढा" असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण मार्क मिळावेत. आणि आपण घरच्यांनी पोरांना "प्रोग्राम चालला का?" एवढंच विचारून थांबू नये. "दुसऱ्या मशीनवर चालवून बघितलास का? वॉर्निंग किती आल्या?" हेही विचारावं. आपल्याला उत्तर कळलं नाही तरी चालेल, विचारलं की पोरं बघतात. मंडळं, पतपेढ्या, देवस्थानं यांचे हिशेब कुणी हौसेनं लिहिलेल्या प्रोग्रामवर चालत असतील, तर मशीन बदलताना जमा आणि खर्च दोन्हींच्या नोंदी घालून, हातानं केलेल्या हिशेबाशी ताडून घ्या.

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये मी उभं राहून सगळं सांगितलं. चूक काकांची नव्हती, मशीनची नव्हती, माझी होती. इतिवृत्तात तसं लिहायला लावलं. कॅरच्या जागी मी 'साइन्ड कॅर' लिहिला होता. एका शब्दाची दुरुस्ती. ज्यांनी पावतीबद्दल विचारलं होतं, ते काकांच्या शेजारी जाऊन बसले.

काका मात्र मला लगेच सोडायला तयार नव्हते. म्हणाले, "तुझं ते साइन्ड-बिन्ड मला कळत नाही. पुढच्या वेळी मशीन बदललंस की आधी माझ्यासमोर पाचशे रुपये खर्च टाक आणि शिल्लक कमी झालेली दाखव."

त्यानंतर एकदा मशीन बदललं. काका तेव्हा घराबाहेर पडत नव्हते. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो, पाचशे खर्च टाकले. शिल्लक पाचशेनं कमी झाली. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, मग चहा मागवला.

तुमच्या गावच्या मंडळात, ऑफिसात, पोरांच्या कॉलेजात असा काही अनुभव असेल तर जरूर लिहा. चूक स्वतःची असेल तर आधी लिहा.